वॉटरपार्क की बोंडला?

म्हापशाच्या मावसबहिणीपुढे सुट्टीतला पेच आहे. रविवार एकच, मुलं दोन आणि सोबत सासूबाई. हणजुणेकडचं वॉटरपार्क गाठावं की फोंडा तालुक्यातलं बोंडला अभयारण्य?

आधी खर्च. वॉटरपार्कमध्ये तिकीट माणशी असतं, आणि पाण्यात पाऊलही न टाकणाऱ्या आजींचं तिकीट माफ होईलच असं नाही. वर लॉकर आणि नायलॉनचे कपडे. घरचा डबा आत सहसा चालत नाही, म्हणजे जेवणही तिथलंच. फोन करून हे सगळं विचारा, मगच बेरीज करा. बोंडल्याला प्रवेश फी किरकोळ, पण म्हापशाहून पेट्रोल जास्त जाळावं लागतं.

मुलांचं वय मात्र खर्चाहून महत्त्वाचं. मोठ्या घसरगुंड्यांपाशी उंचीची पट्टी असते. धाकटा तिथं अडला की आईबाबांपैकी एकजण दिवसभर उथळ तळ्यात बसून राहतो. बोंडला 8 चौरस किलोमीटरचं, गोव्यातलं छोटंसं अभयारण्य. तिथल्या प्राणिसंग्रहालयात गवा, आपला राज्यप्राणी, जवळून दिसतो: काळाभोर देह आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. लहान मुलं तिथून हलत नाहीत. सकाळीच पोचा, दुपारी जनावरं सावलीत पडून असतात. गुरुवारी बंद.

दगदग दोन्हीकडे सारखीच.

मुलं दहाच्या पुढची, पोहणारी असतील तर वॉटरपार्कचे पैसे वसूल होतात, तेही सुट्टीचा वार टाळून गेलात तर. धाकटं मूल आणि आजी बरोबर असतील तर डबा भरून बोंडलाच.