अंदमानच्या ट्रेकचं ‘परमिट’ काढून देणाऱ्यापासून सावध राहा, आमचे ५५,४९४ रुपये गेले

सुरतहून बोलतो, मूळचा शिरपूरकडचा आहे म्हणून सांगतो, अहिराणीत गोड गोड बोलतो आणि अंदमानातल्या जंगलातल्या एका व्ह्यू पॉइंटचं ‘वनखात्याचं परमिट’ काढून देतो, असा माणूस तुमच्या संपर्कात आला असेल तर आधी पैसे थांबवा, मग पुढचं वाचा. आमचे ५५,४९४ रुपये गेले. कापूस विकून आलेले होते.

विमान आणि हॉटेल माझ्या दिरांनी स्वतः बुक केलं होतं, त्यात रुपयाचीही गडबड झाली नाही. सेल्युलर जेलचं तिकीट तिथल्या खिडकीवर काढलं, तिथेही कोणी नाडलं नाही. नाडलं ते आपल्याच भाषेत बोलणाऱ्याने. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्याचा नंबर टाकला होता. सुरतेत आपली अर्धी सोयरीक राहते, उधना-लिंबायतला आपलं कुणी नाही असं घर आमच्याकडे सापडायचं नाही, त्यामुळे संशय घ्यायचं काही कारणच नव्हतं. पहिल्याच फोनवर म्हणाला, “मी शे ना ताई!” म्हणजे मी आहे ना. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांना तर माणूस घरचाच वाटला.

त्याचं म्हणणं असं: पोर्ट ब्लेअरजवळच्या माउंट हॅरिएट डोंगरावरून जंगलातून चालत ‘काला पत्थर’ नावाच्या कड्यावर जाता येतं, तिथे गर्दी नसते, समोर नुसता समुद्र. रोज मोजक्याच लोकांना सोडतात, म्हणून परमिट आधी काढावं लागतं. आम्ही सहा जण. माणशी ४,८०० प्रमाणे २८,८००. वनखात्याची ‘परत मिळणारी अनामत’ माणशी २,००० प्रमाणे १२,०००. गाईड आणि खास बोटीचे ७,५००. निघायच्या आदल्या रात्री ‘सक्तीचा विमा’ माणशी १,१९९, म्हणजे ७,१९४. आता बेरीज करून बघा.

आम्ही चौकशी केली नाही असं कुणी म्हणू नये. ‘काला पत्थर’ नेटवर शोधलं, ढीगभर फोटो आले, लोकांनी कौतुक केलेलं होतं. ते सगळं स्वराज द्वीपावरच्या म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या काला पत्थर बीचचं होतं, हे तिकडे गेल्यावर कळलं. नाव एकच, बेटं दोन. त्या बीचला थेट रस्ता जातो. जळगाव-धुळ्यात बसून हे कुणाला कळणार होतं? त्याला मात्र पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तो सारखा म्हणायचा, “नेटवर बघून घ्या ताई, मग पैसे टाका.”

आणि तो कागद. तो पीडीएफ आजही उघडला की माझं डोकं भणभणतं. वर सिंह, खाली निळा गोल शिक्का, सही अशी की कुठल्याही कार्यालयात खपेल. ठिकाण ‘माउंट हॅरिएट नॅशनल पार्क’. आता या डोंगराचं नाव २०२१ मध्ये माउंट मणिपूर झालंय. १८९१ च्या युद्धानंतर इंग्रजांनी मणिपूरच्या महाराजा कुलचंद्र आणि त्यांच्या माणसांना तिथे डांबलं होतं, त्यांच्या स्मरणार्थ. सरकारी परमिटवर सरकारनेच बदललेलं नाव नसावं, हे तिथेच खटकायला हवं होतं. पण पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं आणि अजून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात, मग डोंगराच्या नावाकडे कोण बघतं?

नावाचं एक वेळ सोडा, वेळेचं काय? त्याच कागदावर छापलं होतं, ‘प्रवेश दुपारी ३.३०, सूर्यास्त दर्शन, परत ६.३०’. मी शाळेत भूगोल शिकवते. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची, हे मुलांकडून दरवर्षी घोकून घेते. आपण पंचाहत्तर अंशांच्या आसपास, अंदमान ब्याण्णवच्याही पुढे आणि घड्याळ दोन्हीकडे एकच. डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेसहाला त्या जंगलात मिट्ट काळोख. ज्याने अंदमान पाहिलंय तो अशी वेळ छापणारच नाही. तो कागद रात्री अकराला आला, सकाळी मुंबईची गाडी होती, बॅगा भरायच्या होत्या आणि वर त्या विम्याचा तगादा. अशा वेळी रेखांश कुणाला आठवतात? हे लोक शेवटचा कागद रात्रीच पाठवतात, तेही मुद्दाम. रात्री आलेल्या कागदावर पैसे टाकायचेच नाहीत.

‘खास बोट’ म्हणजे चाथमहून बांबू फ्लॅटला जाणारी फेरी, जिच्यात गाड्या आणि माणसं रोज पलीकडे जातात. त्याचे आमच्याकडून ७,५००. गाईड आलाच नाही, फोन बंद. टॅक्सीने वर गेलो. गेटवरच्या कर्मचाऱ्याने मोबाइलवर परमिट बघितलं, परत दिलं आणि खिडकीकडे बोट दाखवलं. तिकीट तिथेच मिळतं, कुणालाही. अनामत नाही, विमा नाही, सुरतेचा माणूस तर नाहीच. आणि या वेळेला जंगलातल्या वाटेवर सोडणार नाही, अंधार पडेल, सकाळी या, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान. कडा राहिला तो राहिलाच.

त्याच रात्री दुसऱ्या नंबरवरून मेसेज: ‘अनामत परत हवी असल्यास क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तो मेसेज मी जपून ठेवलाय.

आता आपल्या यंत्रणेचं ऐका. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो तर अंमलदार म्हणाले, गुन्हा अंदमानात घडला, तिकडे तक्रार द्या. तिकडे फोन लावला तर म्हणे पैसे महाराष्ट्रातून गेले, तिथे द्या. पुन्हा इकडे आलो तर साहेब बंदोबस्तात. मग अर्ज लिहून द्या, अर्जाच्या तीन झेरॉक्स आणा, बँकेचं स्टेटमेंट आणा, शिक्क्याचं आणा. बँकेत गेलो तर “पिन तुम्हीच टाकलाय ना?” सत्तरीच्या सासूबाईंना दुपारभर बाकड्यावर बसवून ठेवलं आणि वर मला ऐकवलं, “मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या.” शिकलेल्या माणसाला लुटलं तर तो गुन्हा होत नाही का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात असा, कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. मी ते कलम मोबाइलवर काढून दाखवलं. उत्तर काय, तर “ते मोठ्या गुन्ह्यांना.” रकमेची अट त्या कलमात कुठेही लिहिलेली नाही. पंचावन्न हजार त्यांना लहान वाटतात, कारण ते त्यांनी वेचलेल्या कापसाचे नाहीत. शेवटी हातात नुसती अर्जाची पोच, गुन्हा नोंद नाहीच.

म्हणून सांगते, ठाण्यात जायच्या आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, जिथे उभे असाल तिथूनच. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळवलं तरच ते गोठवता येतात. अंदमानात रेंज नाही, मुलं रडतायत, घरी जाऊन बघू, यात आमची वेळ गेली. आणि पैसे टाकताना स्क्रीनवर नाव कोणाचं येतं ते वाचा. आमच्या वेळी टूर कंपनीचं नाव वेगळं आणि यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव. विचारलं तर म्हणाला, “मिसेसचं खातं आहे.”

ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही. मी कागद तयार केलेत. अडलंय ते पत्त्यावर, त्याने दिलेल्या पत्त्यावर तसं दुकानच नाही. तेव्हा निळ्या गोल शिक्क्याचं, ३.३० ते ६.३० वेळेचं परमिट अजून कुणाला आलं असेल, तर लाज वाटते म्हणून ते डिलीट करू नका. चॅट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, खात्यावरचं नाव, सगळं ठेवा आणि आपापल्या ठाण्यात लेखी द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकाच खात्यावर चार जिल्ह्यांतून तक्रारी गेल्या तर ‘लहान रक्कम’ म्हणून कुणाला परत पाठवता येणार नाही.