होम स्वीट होमिसाइड: आठ महिने, तीन वाचनं आणि कुकरच्या शिट्ट्या

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात हे पुस्तक आमच्या घरात आलं. आता फेब्रुवारी चालू आहे. मधल्या काळात ते तीनदा वाचून झालं. पहिल्यांदा मी एकटीने वाचलं. मग रोज रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही मुलांना आणि सासऱ्यांना मराठीतून सांगत वाचलं, आणि तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. रहस्यकथा सहसा एकदाच वाचली जाते. खुनी कळला की पुस्तक कपाटात जातं किंवा रद्दीत. हे अजून जेवणाच्या टेबलावरच असतं, मिठाच्या बरणीशेजारी. म्हणून ताज्या वाचनानंतर लगेच न लिहिता आज लिहिते आहे.

क्रेग राइस या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी १९४४ सालची. मॅरियन कारस्टेअर्स ही विधवा बाई तीन मुलांना एकटीने वाढवते आणि घर चालवण्यासाठी रहस्यकथा लिहिते. वेगवेगळ्या टोपणनावांनी, एकामागून एक, कारण पुस्तक वेळेत गेलं नाही तर पैसे येणार नाहीत. मुलं म्हणजे चौदा वर्षांची डायना, बारा वर्षांची एप्रिल आणि दहा वर्षांचा आर्ची. शेजारच्या बंगल्यात खून होतो. खुनांच्या गोष्टी लिहिणारी आई मात्र वरच्या खोलीत टाइपरायटरवर वाकलेली, तिला मान वर करायला फुरसत नाही. आईने हा खून शोधून काढला तर पेपरात नाव येईल, पुस्तकं खपतील, तिला जरा श्वास घेता येईल, असा मुलांचा हिशोब. आई ऐकत नाही म्हटल्यावर शोध त्यांनीच लावायचा आणि श्रेय तिला द्यायचं, असं ठरतं. त्यातच तपासाला आलेला लेफ्टनंट बिल स्मिथ अविवाहित निघतो आणि मुलांच्या डोक्यात दुसरी योजना शिजायला लागते.

एवढं वाचून कुणाला वाटेल की गोड गोड बालकथा असेल. तसं नाही. मेलेली शेजारीण लोकांची गुपितं जमवून त्यांना पिळणारी होती, त्यामुळे आळीतल्या निम्म्या घरांना तिच्या मरणाने हायसं वाटलेलं आहे. कोडं खरं आहे, नीट बांधलेलं आहे.

मला या पुस्तकाने धरून ठेवलं ते सुरुवातीच्याच एका तपशिलाने. गोळ्यांचे आवाज नेमके किती वाजता झाले, हे पोलिसांना हवं असतं. मुलांना ते ठाऊक असतं, कारण रात्रीच्या जेवणाचे बटाटे लावायची वेळ झाली का ते बघायला एप्रिल नुकतीच स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे जाऊन आलेली असते. साडेचार. खुनाची वेळ ठरते ती बटाट्यांवरून! पुढे हीच एप्रिल, ज्याच्यावर संशय आहे तो माणूस निर्दोष आहे असं मनात धरून, बटाट्यांची वेळ थोडी पुढे ढकलून सांगते आणि सगळ्या तपासाची गाडी तिथे रुळावरून घसरते.

हा भाग मी मराठीत सांगत होते त्या रात्री आमचा दहा वर्षांचा मुलगा म्हणाला, ‘आपण असतो तर तिसऱ्या शिट्टीला झाला म्हणून सांगितलं असतं.’ मी वाचायचं थांबले. खरंच की. आमच्या घरात सकाळी कोण किती वाजता बाहेर पडलं हे कुणाला विचारलं तर उत्तर घड्याळातून येत नाही. दूध उतू गेलं तेव्हा, पाणी जायच्या आधी, दुसरी शिट्टी व्हायच्या सुमाराला, असंच येतं. त्या रात्रीपासून मुलं आमच्या घरातले ‘पुरावे’ मोजायला लागली. कढीपत्त्याच्या फोडणीचा वास जिन्यात किती वेळ टिकतो याचा एक प्रयोगही झाला. राइसबाईंना घर किती आतून माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. विनोदासाठी संसार आणि उत्कंठेसाठी खून अशी वाटणी या पुस्तकात नाही. घरकामाच्या वेळा, भावंडांची भांडणं, खाऊच्या पैशांची उसनवारी यांतूनच तपास पुढे सरकतो. ते काढून घेतलं तर कोडंच उरणार नाही.

आर्चीकडे नेहमी साठवलेले पैसे असतात आणि दोघी बहिणी नेहमी त्याच्याकडे उसने मागतात. तो व्याजाची आठवण ठेवूनच देतो. आळीतल्या पोरांची त्याची एक टोळी आहे आणि वेळ पडली की ती टोळी आरडाओरड करत पोलिसांची वाट अडवते. संशयित शेजारी पळून आल्यावर मुलं त्याला चक्क आपल्या खेळघरात लपवतात, आणि मग त्याला खायला काय द्यायचं, आईला ताटातलं कमी झालेलं कळणार नाही असं किती उचलायचं, हा प्रश्न खुनाइतकाच मोठा होऊन बसतो. मोठी बहीण म्हणून सगळा भार डायनावर. दोघं धाकटी उंडारतात तेव्हा रात्रीच्या जेवणाचं काय, हे तिलाच बघावं लागतं. आमची तेरा वर्षांची मुलगी डायनाच्या बाजूने इतक्या तळमळीने बोलायला लागली की त्या महिन्यात घरातल्या कामांची वाटणी आम्ही नव्याने केली. ते पुस्तकामुळे झालं, हे मी मान्य करते.

आणि सार्जंट ओ'हेअर! हा माणूस येता-जाता सांगतो की त्याने स्वतःची नऊ मुलं वाढवली आहेत, तेव्हा मुलांचं मन त्याला कळतं. आणि दरवेळी ही तीन मुलं त्याला गुंडाळतात. मी ते वाक्य मराठीत ‘नऊ पोरं वाढवलीत मी’ असं केलं. आठवड्याभरात सासरे ते माझ्याआधी म्हणायला लागले. अण्णा एरवी आमच्या वाचनात फारसे बसत नसत. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेली त्यांची पिढी. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसाची पुस्तकं त्यांनी वाचनालयातून रोज एक या हिशोबाने संपवलेली. त्यांना आधी वाटलं, पोरांच्या कथेत काय दम असणार. पण चौथ्या रात्री ते स्वतःहून खुर्ची ओढून बसले आणि ‘काल कुठे थांबलो होतो’ असं त्यांनीच विचारलं. झुंजारला घर असतं पण घरात भांडी घासायची नसतात, इथे भांडी घासता घासता विचार करतात, असं त्यांनी सांगितलं. मला या पुस्तकावरचं ते सगळ्यात नेमकं बोलणं वाटतं.

मराठीतून सांगताना कस लागला तो मुलांच्या बोलण्यात. त्या काळच्या अमेरिकन पोरांची बोली पानोपानी आहे. काही शब्द मला तीन-तीनदा शोधावे लागले. भावंडांची एक गुप्त भाषाही आहे, व्यंजनाला उकार लावून ते दुप्पट करायचं आणि शब्द लांबवायचा अशी. ती मराठीत आणायची कशी, यावर मी एक संध्याकाळ घालवली, आणि मग लख्ख आठवलं की आपल्याकडे चची भाषा आहेच की! ‘चईआ चलीआ’ म्हटलं की काम झालं. मी लहानपणी मावसबहिणींबरोबर गच्चीवर तासन्‌तास ती बोलले आहे. माझ्या मुलांना ती येतच नव्हती. आता दोघंही इतक्या वेगात बोलतात की मला अर्धं निसटतं, आणि मी खोलीत शिरले की ‘चईआ चलीआ’ हेच वाक्य ऐकू येतं.

सगळ्यात मोठ्याने हसलो तो प्रसंग फार उघड न करता सांगते. पोलिसांना चुकीच्या वाटेवर न्यायला एप्रिल एका माणसाचं नाव ठोकून देते. ते नाव आईच्या अप्रकाशित कादंबरीतल्या पात्राचं असतं, म्हणजे असा माणूस जगात नाहीच. आणि मग एक गृहस्थ येतो आणि आपलं तेच नाव असल्याचं सांगतो. एप्रिलचा त्या क्षणीचा चेहरा राइस वर्णन करत बसत नाही, दोन-तीन ओळींत पुढे जाते. आमच्याकडे त्या रात्री वाचन पुढे गेलं नाही.

आता खटकलेलं. शेजाऱ्यांची गर्दी फार आहे. बंगले, त्यातले लोक, प्रत्येकाचं गुपित, हे सगळं पहिल्या एक-तृतीयांश भागात एकदम अंगावर येतं आणि ऐकणाऱ्याला तर ते लक्षात ठेवणं कठीणच. आम्ही शेवटी जुन्या दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला आळीचा नकाशा काढून भिंतीला लावला. साधारण मध्यावर कथा दोन-तीन प्रकरणं जागच्या जागी फिरते. तिथे मी सांगताना काही पानं गाळली, आणि कुणाला कळलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. विधवा बाई एकटीने तीन मुलं आणि एक धंदा व्यवस्थित सांभाळते आहे, तरी तिला नवरा मिळाला की सगळं जागेवर येईल असं पुस्तक धरून चालतं. १९४४ सालच्या मानाने मॅरियन खूप स्वतंत्र आहे, हे मी विसरत नाही. तरीही मुलीने मला विचारलं, ‘तिला हवाय का नवरा, कुणी विचारलंय का तिला?’ त्याचं पुस्तकात मिळतं त्याहून चांगलं उत्तर तिला मिळायला हवं होतं. आणि मुलं पोलिसांशी जी सर्रास खोटं बोलतात, पुरावे लपवतात, त्यावरही आमच्याकडे बोलणं झालं. लहान मुलांना हे वाचून दाखवणाऱ्यांनी त्या बोलण्याची तयारी ठेवावी. रक्तपात असा काही नाही. बारा वर्षांपुढे निर्धास्त वाचू द्यावं, त्याखाली सोबत बसावं.

तिसऱ्या वाचनाआधी मी लेखिकेबद्दल वाचलं, आणि मग पुस्तक पूर्वीसारखं राहिलं नाही. क्रेग राइसचा जन्म १९०८चा, शिकागोचा. आईवडील जगभर हिंडत राहिले आणि ही काका-आत्यांच्या घरी वाढली. राइस हे आडनाव त्या घराचं. तिला स्वतःची तीन मुलं होती. मायकेल व्हेनिंग, डॅफ्नी सँडर्स अशी तिची टोपणनावं होती, म्हणजे मॅरियनची लेखणी तिच्याच टेबलावरची. जॉन मलोन या वकिलाच्या तिच्या विनोदी रहस्यकथांना मोठा वाचकवर्ग होता. जानेवारी १९४६मध्ये ती ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली, आणि त्याच वर्षी या कादंबरीवर चित्रपट आला. पण दारूने तिला पोखरलं, लग्नं टिकली नाहीत, आणि १९५७मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ती गेली.

हे कळल्यावर पेन्सिल घेऊन बसले तेव्हा मी कोड्याच्या खुणा शोधणार होते. त्या सापडल्याही, राइसने फसवणूक केलेली नाही, खुनी ओळखायला लागतं ते सगळं वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेलं आहे. पण पेन्सिल भलतीकडेच थांबत राहिली. टाइपरायटरचा आवाज वरून चालू आहे, खाली मुलं कुजबुजत आहेत, आवाज बंद झाला की तीही गप्प होतात, अशा जागी. आई दमून खाली येते तेव्हा स्वयंपाक झालेला असतो आणि तिला काही विचारलं जात नाही, अशा जागी. मी घरून भाषांतराचं काम करते. माझ्या मुलांनाही कीबोर्डचा आवाज ऐकून मी कामात किती बुडाले आहे ते कळतं, हे मला पूर्वी लक्षातच आलं नव्हतं. मुलगा म्हणाला, ‘तू जोरात टाइप करतेस तेव्हा आम्ही येत नाही.’ ते ऐकल्यावर मी त्या दिवसाचं काम बंद केलं.

राइसचं घर असं शांत होतं का, तिच्या मुलांनी तिला असं सांभाळलं का, हे पुस्तकातून कळत नाही. मात्र आईने मान वर करावी म्हणून तीन मुलांनी घातलेला एवढा घाट तिने ज्या मायेने लिहिला आहे, ती माया प्रत्येक पानावर आहे, आणि तिसऱ्या वाचनात खुनी आधीच ठाऊक असूनही मी त्यासाठीच वाचत राहिले.

चित्रपट आम्ही पाहिला. छोट्या डीन स्टॉकवेलचा आर्ची गोड आहे, बाकी पुस्तकाच्या पासंगाला पुरत नाही.

घ्यायचं असेल तर २०१८मध्ये याची नवी आवृत्ती निघाली आहे. माझी प्रत जुनी, फूटपाथवरची, पिवळ्या पानांची. सध्या ती मुलीकडे आहे. मी गाळलेली पानं तिला सापडली आहेत. काल रात्री दिवा मालवायला गेले तर तिने मध्यातलं एक प्रकरण बोटाने धरून ठेवलं होतं आणि म्हणाली, ‘हे तू आम्हाला सांगितलंच नाहीस.’ मग मी तिच्या पलंगावर बसले आणि ते प्रकरण तिने मला मराठीतून सांगितलं.