घरच्या पिझ्झ्यासाठी बिडाचा सपाट तवा: कोणता घ्यावा, कसा वापरावा

घरच्या ओटीजीतला (विजेच्या छोट्या ओव्हनमधला) पिझ्झा वरून लाल होतो आणि खालून पांढराच राहतो, ही तक्रार जळगाव-धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत सारखीच. दोष पिठाला दिला जातो. खरा दोष ओटीजीसोबत येणाऱ्या पातळ ट्रेचा. त्यात उष्णता साठतच नाही. ओलं पीठ पडलं की ट्रे गार. नेपल्सची लाकडाची भट्टी ४३० ते ४८० अंशांवर असते, तिथे दीड मिनिटात पिझ्झा बाहेर येतो. आपला ओटीजी बहुधा २५० अंशांवर थांबतो. ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारी, घरात बाकी दिवशीही कामाला येणारी वस्तू म्हणजे बिडाचा सपाट तवा.

मांडे होतात त्या घरात हे वेगळं सांगायला नको. खापर, म्हणजे मांड्यांचं मातीचं उपडं भांडं, पुरतं तापल्याशिवाय त्यावर मांडा कोणी टाकत नाही. खापर फुगीर असल्यामुळे पिझ्झ्याला चालत नाही, एवढाच फरक. बीड मातीपेक्षा उष्णता झटकन देतं, म्हणून २५० अंशांतही बूड भाजून निघतं. पिझ्झा स्टोन म्हणून मिळणारे दगड खूप तापणाऱ्या भट्टीत छान. घरगुती ओटीजीत मात्र बिडाचा तवाच सरस.

घेताना आधी ओटीजी आतून मोजा. तवा कानांसकट बसला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली पाहिजे, नाहीतर गरम हवा फिरत नाही. लांब दांड्याचा तवा नकोच, दार लागत नाही. जाडी ४ ते ५ मिमी हवी; असा ११ इंची तवा दोन किलोच्या आसपास भरतो. फारच हलका लागला तर पातळ समजा. दुकानातच तव्यावर पोलादी पट्टी आडवी धरा. खाली उजेड दिसला तर तो तवा खोलगट आहे. पोळीला चालेल, पिझ्झ्याला नाही.

पीठ दोन १० इंची पिझ्झ्यांचं: मैदा ३०० ग्रॅम, पाणी १८५ मिली, मीठ ६ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट पाव चमचा. साखर नको. मळून २० मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा दोन मिनिटं मळा, दोन गोळे करून तेल लावलेल्या डब्यांत २४ तास फ्रीजमध्ये. खानदेशातल्या उन्हाळ्यात हा फ्रीज टाळताच येत नाही. पारा ४३-४४ वर असताना ओट्यावरचं पीठ तासाभरात फुगून बसतं, आंबूस वास येतो आणि ताणलं की फाटतं. एप्रिल-मेमध्ये पाणीही फ्रीजमधलंच घ्या. घरच्या चक्कीचं गव्हाचं पीठ मिसळायचं असेल तर १०० ग्रॅमपर्यंत, आणि पाणी १० मिली वाढवा. त्याहून जास्त झालं तर कोंडा ताण तोडतो.

गोळे फ्रीजबाहेर काढून उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत दोन तास ठेवा. लाटणं अजिबात लावू नका, आतली हवा निघून जाते. मांड्यासारखंच मुठींवर घेऊन फिरवत ताणा, फक्त इतकं पातळ नको आणि काठ दाबू नका.

आता तव्याचं काम. ओटीजी दोन्ही रॉडवर २५० ला २० मिनिटं तापवा. त्याच वेळी तवा मोठ्या गॅसवर ८ मिनिटं. चिमूटभर मैदा टाकून बघा: १० सेकंदांत तांबूस झाला तर बरोबर, लगेच काळा पडला तर थोडं थांबा. मग जाड कोरड्या कापडाने धरून तवा ओटीजीत वरच्या रॉडपासून चार-पाच बोटं खाली ठेवा. उलट्या ताटावर ज्वारीचं पीठ भुरभुरून त्यावर पिझ्झा रचा आणि झटक्याने तव्यावर सरकवा. रचायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावला की पीठ ताटाला चिकटलंच. सहा-सात मिनिटांत तयार. दुसऱ्या पिझ्झ्याआधी तवा पुन्हा तीन मिनिटं गॅसवर घ्यायला विसरू नका.

सॉस चार चमचे, मोझरेला ८० ग्रॅम, बस. लांबट टोमॅटो किसून चाळणीत निथळवा. गोल गावठी टोमॅटोला पाणी फार, मधला भाग कच्चा राहतो. भरीत पसरायचं असेल तर टोमॅटो नकोच: भरिताचं हिरवं वांगं सुक्या काड्यांच्या जाळावर भाजून, सोलून, अर्धा तास निथळवून, लसूण-मिरची ठेचून, शेंगदाण्याच्या तेलात परतून ८० ग्रॅमचा पातळ थर. कांद्याची पात पिझ्झा बाहेर काढल्यावरच घाला.

नुसत्या तव्यावर झाकण ठेवून गॅसवर केला तर? बूड उत्तम, चीज वितळतं पण वर डाग पडत नाहीत. ॲल्युमिनियमच्या गॅस तंदूरचंही तेच. त्यामुळे ओटीजी नसेल तर फक्त पिझ्झ्यासाठी हा तवा घ्यावा असं वाटत नाही. गावाकडे व्होल्टेज पडतं तिथे आणखी एक अडचण: २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर रॉडची उष्णता जवळपास एक तृतीयांश कमी होते. तेव्हा तवा गॅसवर १२ मिनिटं तापवा आणि पिझ्झ्याला आठ-नऊ मिनिटं द्या.

बिडाचे दोषही आहेत. स्वस्त ओटीजीची जाळी त्याच्या वजनाने वाकते. बीड ठिसूळ, फरशीवर पडलं तर तुकडा उडतो. गरम तव्यावर गार पाणी ओतलं तर तडा जातो. सांडलेला सॉस तसाच राहिला तर आंबटपणाने तेलाचा काळा थर निघतो. धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचं बोट फिरवा, पावसाळ्यात कागदात गुंडाळून ठेवा. गंज आलाच तर काथ्याने घासून, तेल लावून धूर येईपर्यंत तापवला की तवा परत कामाला लागतो.