लोणच्याच्या झाकणाची तपासणी: महापेची लॅब

नौपाड्यात माझा लोणच्यांचा छोटा धंदा आहे. माल काचेच्या बाटलीतच भरते. तरी एका दुकानदाराने मायग्रेशन रिपोर्ट (पॅकिंगमधून खाण्यात काय उतरतं त्याचा) मागितला, म्हणून महापे एमआयडीसीतल्या या लॅबमध्ये गेले. (ठाण्याहून लोकलने घणसोली, पुढे रिक्षा.)

काउंटरवरचा मुलगा 'ओव्हरऑल मायग्रेशन' लिहून पावती फाडणारच होता. तेवढ्यात आतून केमिस्ट मॅडम आल्या. त्यांनी झाकण उघडलं आणि आतल्या पांढऱ्या मऊ कड्यावर नख दाबलं. "काचेचं सोडा ताई, हे कडं पीव्हीसी प्लास्टिकचं आहे. मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं रसायन घालतात, तो तेलात उतरतो." आणि आमच्या लोणच्यावर तर बोटभर तेल! बाटली आडवी झाली की ते थेट कड्याला लागणार.

ओव्हरऑल चाचणीत एकूण किती उतरलं एवढंच कळतं. मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम. काय उतरलं, ते नाही. थॅलेट हा प्लास्टिसायझरचाच एक प्रकार. त्यातल्या डीईएचपीला मात्र किलोला १.५ मिलिग्रॅमच चालतं. म्हणजे साठाच्या परीक्षेत पास झालेलं झाकण इथे नापास होऊ शकतं. त्यासाठी जीसी-एमएस (एकेक रसायन वेगळं करून ओळखणारं मशीन) लागतं, पैसेही बरेच जास्त. दिले.

मॅडमनी स्क्रीनही दाखवला. बहुतेक थॅलेटांची १४९ या आकड्यावर उभी रेघ येते. आधी नमुन्याशिवाय नुसतं सॉल्व्हंट (द्रावक) मशीनमधून चालवलं, कारण हातमोजे, नळ्या, सगळीकडून थॅलेट येतं म्हणे, ते झाकणाच्या नावावर जायला नको. नमुनाही प्लास्टिकच्या पिशवीतून आणायचा नाही, हे फोनवरच बजावलं होतं. दोन प्रकारची झाकणं दिली होती. महागडं पास, घाऊक बाजारातलं स्वस्त नापास. स्वस्ताचं खोकं अजून माळ्यावर पडलंय, परत कोण घेणार!

आता कुरकुर. फोनवर दर सांगतच नाहीत, 'मेल करा' म्हणतात. पहिल्या रिपोर्टात पास झाकणापुढे नुसतं 'नॉट डिटेक्टेड'. मशीनला किती खालपर्यंत दिसतं, तो आकडाच नाही. मागितल्यावर सुधारून दिला, पण त्यासाठी हेलपाटा पडला. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी संस्था) शिक्का बघून लगेच हुरळू नका. मान्यता चाचणीगणिक असते, तुमची चाचणी त्यांच्या यादीत आहे का ते आधी विचारा. माझी होती.

चार स्टार. पाचवा फोन उचलणाऱ्याने घालवला.