क्लार्की क्लाउनफिश: तब्येत दणकट, स्वभाव तापट

रीफ टँकमधला (जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला) पहिला क्लाउनफिश म्हणून बहुतेक जण ऑसेलॅरिस ही जात घेतात. मी क्लार्की जातीची जोडी आणली. एव्हाना बरेच महिने झालेत. हा मासा काटक असतो असं ऐकलं होतं, ते शंभर टक्के खरं निघालं. स्वभावाबद्दल मात्र लोक जरा हातचं राखूनच बोलतात.

आधी काटकपणा. टँकमध्ये पैदास झालेली पिल्लं घेतल्यामुळे पेलेट (दाणेदार खाद्य) लगेच खायला लागली. मध्यंतरी हिटर बंद पडला, पाणी गारठलं. कोरल मिटून बसले, हे दोघे मात्र खाण्याच्या वेळेला काचेपाशी हजर! अर्थात काटक आहे म्हणून सायकल (पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू स्थिरावण्याची प्रक्रिया) पूर्ण न झालेल्या टँकमध्ये सोडायचा नसतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला हवेत, सॅलिनिटी (खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात) १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५-२६ अंश. एवढं सांभाळलं की फार लाड लागत नाहीत.

अ‍ॅनिमोन (क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याने राहतात तो फुलासारखा समुद्री जीव) हवाच का? नाही. निसर्गात क्लार्की हा क्लाउनफिशना आसरा देणाऱ्या दहाही जातींच्या अ‍ॅनिमोनमध्ये राहतो, म्हणजे घराबाबत चोखंदळ नाही. माझ्याकडे त्यांनी टोडस्टूल लेदर कोरल बळकावलं. यांच्या घुसळणीने बिचाऱ्याचे पॉलिप (फुलासारखे उमलणारे बारीक भाग) सुरुवातीला उघडेचनात, हळूहळू सरावलं. अ‍ॅनिमोनला तगडा लाइट आणि मुरलेला टँक लागतो, त्यामुळे मला घाई नाही.

आता मुख्य मुद्दा. सगळी पिल्लं आधी नर असतात आणि जोडीतला मोठा मासा मादी होतो. ही मादी म्हणजे घरमालकीण! काच पुसायला हात घातला की थेट बोटाच्या पेरावर चावा. रक्त येत नाही, पण दचकून हातातलं स्क्रेपर सुटतं. काचेजवळ कान नेला तर टकटक ऐकू येते. क्लार्की दातांवर दात आपटून हा आवाज काढतो, २००७ मध्ये संशोधकांनी याच जातीवर ते दाखवून दिलं. कोरलभोवतीची वाळूही ती शेपटीने उडवते, शेजारचे फ्रॅग (वाढवायला लावलेले कोरलचे छोटे तुकडे) गाडले जातात.

छोटा टँक असेल तर ऑसेलॅरिसच घ्या. क्लार्की १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो. मोठ्या टँकमध्येही याला सगळ्यात शेवटी सोडा, नाहीतर नंतर येणाऱ्या प्रत्येक माशाला हुसकावत बसेल. आणि फ्रॅग चिकटवताना कोपरापर्यंतचे हातमोजे घाला.