कणांचा थर संगणकावर रचताना: घरंगळणारा कण घ्यावा की चिकटणारा?

प्रोजेक्टसाठी सपाट पृष्ठभागावर कणांचा थर वाढवून बघायचा असेल, तर पायथॉन की सी, हा प्रश्न नंतरचा. वरून पडलेला कण टेकल्यावर काय करतो, हे आधी ठरवा.

पृष्ठभाग शेजारी-शेजारी उभ्या रकान्यांत वाटलेला धरा. सगळ्यात सोपं मॉडेल म्हणजे रँडम डिपॉझिशन. कण ज्या रकान्यात पडला तिथेच बसतो, शेजाऱ्याशी देणंघेणं नाही. असा थर प्रत्यक्षात क्वचितच दिसतो, पण कोड तपासायला तो हवाच. खडबडीतपणा, म्हणजे रकान्यांच्या उंचीचं प्रमाण विचलन, सरासरी उंचीच्या (कणांत मोजलेल्या) वर्गमुळाइतका येतो. उंची 100 झाली की तो 10 च्या आसपास यायला हवा. आला नाही तर पुढे जाऊ नका.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. भौतिकशास्त्रज्ञ फेरेदून फॅमिली यांच्या 1986 च्या मॉडेलमध्ये कण स्वतःचा रकाना आणि दोन्ही शेजारी यांतल्या सर्वांत बुटक्या रकान्यात घरंगळतो, चिमटीतून सुटलेली रांगोळी खळग्यात बसावी तसा. इथे मी स्वतः दोन दिवस घालवलेत: उंची सारखी असली की माझा कोड नेहमी डावीकडचा रकाना निवडायचा. स्वतःचा रकाना बरोबरीत असेल तर कण तिथेच ठेवा, दोन्ही शेजारी बरोबरीत असतील तर नाणेफेक करा.

बॅलिस्टिक मॉडेलमध्ये कण पहिल्या स्पर्शालाच चिकटतो, उंच शेजाऱ्याच्या कुशीलासुद्धा. नवी उंची म्हणजे डावीकडची उंची, उजवीकडची उंची आणि (स्वतःची उंची + 1), यांतली सर्वांत मोठी. खाली पोकळ्या राहतात, थर काजळीसारखा भुसभुशीत होतो.

दोन्हींतला फरक कुठे मोजाल? एका मितीत, खडबडीतपणा वाढायचा थांबल्यावर, तो रुंदीच्या (रकान्यांच्या संख्येच्या) 1/2 घातानेच बदलतो, दोन्हीकडे. तिथे फरक कळणारच नाही. खडबडीतपणा वाढत असतानाचा, वेळेविरुद्धच्या त्याच्या लॉग-लॉग आलेखाचा चढ बघा: घरंगळणाऱ्यात 1/4, चिकटणाऱ्यात 1/3. बॅलिस्टिकचा चढ 1/3 पर्यंत फार सावकाश पोहोचतो, म्हणून 200 रकान्यांवर निष्कर्ष काढू नका. काही हजार घ्या आणि बऱ्याच रनची सरासरी काढा.

माझा कौल बॅलिस्टिकला, कारण त्याला प्रयोगाची जोड मिळते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या युंकर, योध आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये वाळत्या थेंबाच्या कडेला साचणारे कण तपासले. गोल कण रँडम डिपॉझिशनसारखे वागले, किंचित लांबट कणांची कड 1/3 चढाच्या, म्हणजे बॅलिस्टिकच्याच घराण्यातली निघाली. वाळू किंवा पावडर ओतण्याचा विषय असेल, तर मात्र फॅमिलींचंच मॉडेल घ्या.