आरपी आणि ‘रक्तपुरवठा वाढवून नजर परत’: ही फसवणूक कशी होते

रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे आरपी, हा डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार. तो असलेल्यांना गाठायची पद्धत ठरलेली आहे. पडद्याचा फोटो काढतात, शेजारी निरोगी डोळ्याचा फोटो ठेवतात आणि म्हणतात, ‘बघा, तुमच्या रक्तवाहिन्या दोऱ्यासारख्या झाल्यात. पडद्याला रक्तच मिळत नाही. रक्त वाढलं की झोपलेल्या पेशी जाग्या होतील.’ मग सुया, विजेचं उत्तेजन, ओझोन, ‘स्टेम सेल’ यांचं पॅकेज, आणि पैसे आगाऊ.

वाहिन्या बारीक झाल्यात हे खरं असतं, आणि माणूस फसतो तो त्यामुळेच. पण कारण आणि परिणाम इथे उलटे सांगितले जातात. आरपीचं मूळ जनुकातल्या दोषात आहे. त्या दोषामुळे आधी रॉड पेशी, म्हणजे अंधुक उजेडात बघायच्या पेशी, मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. रॉड पेशी प्रचंड ऑक्सिजन वापरतात आणि तो त्यांना मुख्यतः पडद्यामागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरातून मिळतो. त्या मेल्या की तो ऑक्सिजन वापराविना उरतो, पडद्याच्या आतल्या थरांपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या वाहिन्या आकसतात. घरातली माणसं कमी झाली की पाण्याचा वापर घटतो, तसंच हे. उरलेल्या पेशींसाठी रक्ताभिसरण किती महत्त्वाचं, यावर संशोधन चालू आहे. पण मेलेली रॉड पेशी रक्त वाढवून परत येत नाही.

‘मग रिपोर्टमध्ये सुधारणा कशी दिसली?’ हा प्रश्न हमखास येतो. खरी हातचलाखी इथेच आहे.

फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा पसारा मोजायच्या चाचणीत, प्रकाशाच्या ठिपक्याचा आकार बदलला की निकाल बदलतो. गोल्डमन पद्धतीत तीन नंबरचा ठिपका ४ चौरस मिलिमीटरचा, पाच नंबरचा ६४ चौरस मिलिमीटरचा. आधी लहान आणि नंतर मोठा ठिपका वापरला, तर उपचार न करताही फील्ड मोठं दिसेल. दोन्ही कागदांवर ‘थ्री-फोर-ई’ की ‘फाइव्ह-फोर-ई’ (पहिला आकडा ठिपक्याचा) हे ताडून बघा. शिवाय पहिल्या चाचणीत माणूस गोंधळतो, दुसऱ्यात सरावतो. अक्षरांच्या तक्त्याचंही तेच: तोच तक्ता पुन्हा दाखवला की पाठ होतो, आणि दोन चाचण्यांमध्ये चारपाच अक्षरांचा फरक एरवीही पडतो. ईआरजी, म्हणजे पडद्याच्या विद्युत प्रतिसादाची चाचणी, २ मायक्रोव्होल्टवरून ४ वर गेली की ‘१०० टक्के वाढ’ लिहितात. प्रत्यक्षात इतका छोटा आकडा यंत्राच्या गोंगाटात हरवलेला असतो. ओसीटी अँजिओग्राफीत, म्हणजे पडद्याच्या वाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, सिग्नलची प्रत सुधारली, तरी वाहिन्या दाट दिसू लागतात.

आरपीत कधी कधी नजर खरंच सुधारते, पण त्याची कारणं वेगळी असतात. मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, आलेली सूज डॉर्झोलामाइड किंवा अ‍ॅसिटाझोलामाइड या औषधांनी उतरू शकते, मोतीबिंदू काढल्याने फरक पडतो. अशी सुधारणाही पॅकेजच्या खात्यावर टाकली जाते.

क्युबात शस्त्रक्रिया, ओझोन आणि विद्युत उत्तेजन असा एकत्रित उपचार दिला जायचा. तिथून परतलेल्या रुग्णांची तपासणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि फायदा आढळला नाही. फ्लोरिडात मॅक्युलर डिजनरेशन (मॅक्युला झिजण्याचा वेगळा आजार) असलेल्या तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी चरबीतून काढलेल्या ‘स्टेम सेल’ टोचल्या गेल्या आणि त्यांची नजर फार मोठ्या प्रमाणात गेली. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यासाठी त्यांनी पैसे मोजले होते, आणि तो प्रयोग सरकारी नोंदवहीत नोंदलेलाही होता. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे.

खऱ्या उपचाराचं वर्णन नेमकं असतं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं लक्सटर्ना हे जनुकीय औषध फक्त आरपीई६५ जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष असलेल्यांसाठी आहे, तेही पडद्यात जिवंत पेशी पुरेशा उरल्या असतील तर. जनुक चाचणी न मागता सगळ्यांना एकच पॅकेज देणाऱ्याला तिथेच नकार द्या. व्हिटॅमिन एचे मोठे डोसही स्वतःहून सुरू करू नका; एबीसीए४ जनुकाच्या दोषात ते घातक ठरू शकतात.

पैसे भरले असतील तर मूळ फील्ड कागद, ईआरजीचे आलेख आणि स्कॅनची डिजिटल प्रत लेखी मागा. पुढचं सत्र थांबवा आणि उपचाराशी संबंध नसलेल्या रेटिनातज्ज्ञाकडून त्याच ठिपक्याने चाचणी करून घ्या. इंजेक्शननंतर अचानक काळे ठिपके, चमक, नजरेसमोर पडदा ओढल्यासारखं वाटणं, दुखणं किंवा लाली आली, तर त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठा.